खंड्या तैलरंगात: बोर्ड तयार करण्यापासून वार्निशपर्यंत

पक्ष्याचं चित्र बिघडतं ते बहुतेक वेळा पिसांपायी. पिसं जमली नाहीत म्हणून नव्हे, तर पिसं फार लवकर रंगवायला घेतली म्हणून. आधी डोळा, मग डोक्यावरची पिसं एकेक करून, मग पंख, आणि शेवटी उरलेल्या जागेत पार्श्वभूमी भरायची, असा क्रम धरला की प्रत्येक पीस सुटं दिसतं आणि पक्षी पुठ्ठ्यातून कापून चिकटवल्यासारखा. या लेखातला क्रम याच्या उलट आहे: आधी उजेड आणि सावली, मग रंगाचे मोठे तुकडे, मग कडा आणि अगदी शेवटी मोजकी पिसं.

उदाहरणाला पांढऱ्या छातीचा खंड्या घेतला आहे. तो विजेच्या तारेवर, बांधावरच्या बांबूवर, शहरातल्या तळ्याकाठी, कुठेही दिसतो. नर-मादी सारखेच, त्यामुळे संदर्भ गोळा करताना घोळ होत नाही. आणि चित्रकाराला नडणाऱ्या तिन्ही गोष्टी त्याच्याकडे आहेत: पांढरी छाती, गडद तपकिरी डोकं आणि ट्यूबमधून कधीच थेट न निघणारा फिरोजी निळा.

संदर्भ

फोटो स्वतःचे असावेत, आणि एक नव्हे, दहा-बारा. एक ठेवण ठरवण्यासाठी, बाकीचे पाय, चोच, पंखाची घडी समजून घेण्यासाठी. भर दुपारचे फोटो टाळा. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी बाजूने येणारा उजेड पक्ष्याला गोलाई देतो. घरट्याजवळ जाऊन फोटो काढू नका. खंड्या मातीच्या दरडीत बीळ करून घरटं करतो आणि माणूस तिथे ठाण मांडून बसला तर पालक पक्षी चारा घेऊन आत जायला कचरतात.

फोटोवर आंधळा विश्वास नको. कॅमेरा सावलीतला तपकिरी रंग सपाट काळा करतो आणि उन्हातली छाती कोऱ्या कागदासारखी. डोळ्याला या दोन्ही ठिकाणी रंग दिसतो. म्हणून दुर्बिणीतून पाहताना पेन्सिलीने दोनच टिपणं करा: छातीची सावली कुठल्या रंगाकडे झुकते, आणि पाठीचा निळा कुठे सगळ्यात उजळ आहे.

पेंढा भरलेले पक्षी जवळून पाहणं फार उपयोगी पडतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तु संग्रहालयातलं निसर्गविज्ञान दालन यासाठी चांगलं आहे. पिसांची मांडणी, एकावर एक बसलेले थर, चोचीची रुंदी हे सगळं तिथे स्थिर मिळतं. मात्र चोच, पाय आणि डोळे यांचे रंग तिथून उचलू नका. मेल्यावर कातडीचे रंग उडतात, पुढे ते रंगवून काढलेले असतात, आणि डोळा तर काचेचाच असतो. बसवलेला पक्षी जरा फुगलेला किंवा ताठ असण्याचीही शक्यता धरून चला.

बोर्ड, रंग, तेल

बारीक कामाला ताणलेल्या कॅनव्हासपेक्षा कडक पृष्ठभाग सोयीचा. 6 मिमी जाडीचा एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, 30 बाय 40 सेंमी. कडा पॉलिश पेपरने घासून त्यांनाही अस्तर द्या, नाहीतर कोपऱ्यातून तो फुगतो. ॲक्रिलिक जेसोचे, म्हणजे रंगाखाली लावायच्या पांढऱ्या अस्तराचे, तीन हात द्या: पहिला आडवा, दुसरा उभा, तिसरा पुन्हा आडवा. प्रत्येक हात सुकल्यावर 220 नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा. मागच्या बाजूलाही किमान एक हात हवाच. एकाच बाजूला जेसो दिला तर बोर्ड बाक काढतो, आणि कोकणातल्या दमट हवेत तर हमखास. शेवटच्या हातानंतर दोन-तीन दिवस थांबा. जेसो वरून कोरडा लागला तरी आत ओल असते.

फार गुळगुळीत करण्याच्या नादात चकाकी येईपर्यंत घासू नका. रंगाला पकडायला काही उरत नाही, ब्रश घसरतो आणि पहिला थर पुसल्यासारखा दिसतो. बोट फिरवल्यावर अंड्याच्या कवचासारखं लागलं पाहिजे.

रंग इतके पुरतात: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, लेमन यलो, कॅडमियम रेड लाइट, पर्मनंट ॲलिझरिन, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरिन, थॅलो ब्लू आणि अगदी थोडा थॅलो ग्रीन. काळा नको. अल्ट्रामरिन आणि बर्न्ट अंबर मिळून जो काळा होतो तो थंड-उष्ण दोन्हीकडे वळवता येतो. स्वस्त संचातला क्रिमसन लेक वापरू नका. तशा लेक रंगांपैकी बरेच उजेडात उडतात. ट्यूबवर पीबी 29, पीबीआर 7 असे रंगद्रव्याचे सांकेतिक क्रमांक असतात, ते वाचायची सवय लावून घ्या. नावापेक्षा हा क्रमांक खरा. पांढरा घेताना पीडब्ल्यू 6 म्हणजे टायटॅनियम. पीडब्ल्यू 4 म्हणजे झिंक. त्याचा थर काही वर्षांनी ठिसूळ होऊन तडकतो, म्हणून छातीसारख्या जाड कामाला तो नको.

तेल आणि पातळ करायचं द्रव्य यात सगळ्यात जास्त फसगत होते. हार्डवेअरच्या दुकानातलं टर्पेंटाईन कधी चांगलं निघतं, कधी तेलकट. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून दुसऱ्या दिवशी पाहा. डाग राहिला असेल तर ते ब्रश धुवायला ठेवा, चित्रात घालू नका. रॉकेलचंही तेच. तिथेच मिळणारं उकळलेलं अळशीचं तेल दारं-खिडक्यांसाठी असतं. त्यात घातलेल्या सुकवणाऱ्या रसायनांमुळे ते लवकर सुकतं खरं, पण चित्र काळपट पडतं. खाण्याचं जवस तेलही नको. चित्रकलेच्या दुकानातलं शुद्ध केलेलं अळशीचं तेल 50-100 मिली घेतलं तरी वर्षभर पुरतं.

ब्रश: 6 आणि 8 नंबरचे ताठ केसांचे चपटे, 4 नंबरचा गोल टोकाचा चपटा, म्हणजे फिल्बर्ट, आणि 2 व 0 नंबरचे मऊ गोल. एक जुना, केस फिसकटलेला ब्रश फेकू नका, पुढे लागेल. पंख्याच्या आकाराचा ब्रश मात्र नवशिक्यांनी दूरच ठेवावा. त्याचे एकसारखे समांतर फराटे पिसांसारखे वाटतात, पण ते पिसं नसतात, कंगवा फिरवल्याच्या खुणा असतात.

रेखाटन

आधी बोर्ड टोन करून घ्या. बर्न्ट अंबर टर्पेंटाईनमध्ये चहासारखा पातळ करून सगळीकडे फासा आणि चिंधीने पुसून घ्या. राहिलेला फिका तपकिरी रंग दुसऱ्या दिवशी सुकलेला असतो. अंबरमध्ये मँगनीज असतं आणि ते तेल लवकर सुकवतं. पांढऱ्याशुभ्र बोर्डावर पांढरी छाती किती उजळ आहे हे ठरवताच येत नाही, म्हणून हा खटाटोप.

खंड्याची लांबी चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण 28 सेंमी, त्यात चोच सहा सेंमीच्या आसपास. या बोर्डावर पक्षी 18 सेंमीचा काढला तर चोच चारच्या किंचित आत येते. नवशिका हात चोच नेहमी आखूड आणि बारीक काढतो. तिचं मूळ जाड असतं, डोक्यात रुतलेलं. दोन जबड्यांमधली रेषा मागे वाढवली तर ती डोळ्याच्या खालून जाते; ती डोळ्याच्या मधोमध आली की पक्षी भेदरलेला दिसतो.

धडासाठी एक अंडाकृती, डोक्यासाठी दुसरी, आणि त्या दोन्हींचे अक्ष. मान दिसत नाही असं समजा. मग पायाच्या पकडीतून वर एक लंब रेषा टाका. धडाचं वजन त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना तोललेलं दिसलं पाहिजे, नाहीतर पक्षी फांदीवरून पडणार असं वाटत राहतं आणि कारण सापडत नाही. पाय अगदी आखूड, दिसतात ती मुख्यतः बोटं. खंड्याच्या पुढच्या बोटांपैकी बाहेरची दोन बऱ्याच अंतरापर्यंत जोडलेली असतात, तेव्हा चिमणीसारखी तीन सुटी बोटं काढू नका.

पंखाची घडी समजून घेण्यात एक संध्याकाळ घालवा. बसलेल्या खंड्याच्या पंखावर वरून खाली चार पट्टे असतात. खांद्याजवळची लहान आच्छादनपिसं तपकिरी, त्याखाली काळा पट्टा, त्याखाली मोठी आच्छादनपिसं आणि दुय्यम उड्डाणपिसं निळी, आणि टोकाला प्राथमिक उड्डाणपिसांची काळी टोकं. उडताना पंखावर जो मोठा पांढरा ठिपका झळकतो तो बसलेल्या पक्ष्यात जवळजवळ झाकलेला असतो. पक्षीपुस्तकातलं उडतं चित्र पाहून तो बसलेल्या पक्ष्यावर काढणारे बरेच असतात. रेखाटनात या चार गटांच्या फक्त सीमा आखा. एकही पीस नको.

रेखाटन कागदावर पक्कं करून मगच बोर्डावर उतरवा. कागदाच्या मागे बर्न्ट अंबरचा पातळ हात देऊन ट्रेस केलं तरी चालतं. पेन्सिलीचा ग्राफाइट जाड लागला तर तो उजळ रंगात मिसळून छाती मळवतो.

टोनचा आराखडा

फोनवरचा फोटो कृष्णधवल करून पाहा. आता 1 म्हणजे कोरा पांढरा आणि 10 म्हणजे गडद काळा धरून प्रत्येक भागाचा टोन, म्हणजे उजळ-गडदपणा, मोजा. उजेडातली छाती 2, सावलीतली छाती 4 ते 5, उजेडातली निळी पाठ 4, सावलीतली 7, डोकं 8, आणि पार्श्वभूमी 6. यातली एक गोष्ट सगळ्यांना चकवते: सावलीतली पांढरी छाती ही उन्हातल्या निळ्या पाठीइतकी किंवा तिच्याहूनही गडद असते. मेंदू म्हणतो छाती पांढरी, आणि हात पांढरा उचलतो. तिथेच पक्षी सपाट होतो.

याचं कारण पक्ष्यांच्या रंगातही आहे. बहुतेक पक्षी-प्राणी वरून गडद, खालून फिके असतात. ऊन वरून पडतं तेव्हा वरचा गडद भाग उजळतो, खालचा फिका भाग सावलीत जातो, दोन्ही सारखे होतात आणि जनावर भोवतालात विरून जातं. अमेरिकन चित्रकार ॲबट थेअरने हे तत्त्व एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडलं. शिकाऱ्यापासून लपायला ही युक्ती उत्तम, पण चित्रकाराला प्रत्येक ठिकाणी दोन प्रश्न वेगळे विचारावे लागतात: पिसाचा स्वतःचा रंग कोणता, आणि त्यावर उजेड किती?

बर्न्ट अंबर आणि थोडा अल्ट्रामरिन, फक्त टर्पेंटाईनने पातळ करून, एवढ्यावर सगळं अंडरपेंटिंग, म्हणजे रंगाखालचं उजेड-सावलीचं चित्र, करा. पांढरा वापरू नका. उजेड हवा तिथे चिंधीने पुसा. पाच टोन पुरेत. काम तासाभराचं आहे. दहा फुटांवरून पाहिल्यावर खंड्या ओळखू आला पाहिजे. आला नाही तर पुढे रंग कितीही चांगले लावा, उपयोग नाही. इथे सुधारणा फुकट आहे, पुढे महाग पडते. दोन दिवस सुकू द्या.

जलरंगाची सवय असलेल्यांना इथे जड जातं. जलरंगात पांढरा कागद राखायचा आणि गडद शेवटी. तैलरंगात गडद आधी आणि पातळ, उजळ नंतर आणि जाड. सावलीत पांढरा मिसळला की ती पिठूळ होते आणि मागे जाण्याऐवजी पुढे येते.

पार्श्वभूमी आधी

यलो ऑकर, अल्ट्रामरिन, पांढरा आणि चिमूटभर बर्न्ट सिएना यातून एक मळकट ऑलिव्ह करड्याचा ढीग करा. लिंबाएवढा तरी करा, कारण मध्येच संपला तर तोच रंग पुन्हा होत नाही. 8 नंबरच्या ब्रशने, पक्ष्याच्या कडेवर दोन-तीन मिमी आत येईल असा लावा. कडेपाशी थांबून काळजीपूर्वक वळसा घालत गेलात तर पक्ष्याभोवती प्रभावळ दिसते आणि ती पुढे जाता जात नाही.

पार्श्वभूमी मळकट का? खंड्याचा निळा झळाळतो तो शेजारच्या मंद रंगामुळे. मागे हिरवंगार शेत आणि निळं पाणी रंगवलंत तर ट्यूबमधला शुद्ध थॅलो लावूनही पक्षी फिका पडेल. कॅमेऱ्याच्या लेन्समुळे येणारे ते गोल धूसर ठिपके जसेच्या तसे उतरवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. डोळ्याला जग तसं दिसत नाही, आणि चित्र फोटोची नक्कल वाटतं. त्याऐवजी पार्श्वभूमीत एक-दोन ठिकाणी पक्ष्याचाच तपकिरी, पक्ष्याचाच निळा, अगदी करडा करून ठेवा. दोघं एकाच उजेडात आहेत हे त्याने पटतं.

रंगाचा पहिला थर

निळ्यासाठी तीन ढीग करा. उजेडाचा: सुपारीएवढा टायटॅनियम व्हाइट, मोहरीएवढा थॅलो ब्लू, मोहरीच्या निम्मा थॅलो ग्रीन. थॅलो पांढऱ्यात घाला; उलट करायला गेलात तर अर्धी ट्यूब पांढरा संपतो तरी रंग गडदच राहतो. मधला: त्याच मिश्रणात आणखी मोहरीएवढा थॅलो आणि नखभर यलो ऑकर. सावलीचा: अल्ट्रामरिन, थॅलो आणि बर्न्ट सिएना, पांढरा नावापुरता. हा तिसरा ढीग पॅलेटवर जवळजवळ पाटीसारखा करडा दिसला पाहिजे. तो सुंदर निळा दिसत असेल तर सिएना कमी पडला आहे.

याला कारण आहे. खंड्याच्या निळ्या पिसांत निळं रंगद्रव्य नसतंच. पिसाच्या आतल्या सूक्ष्म सच्छिद्र रचनेमुळे उजेडातला निळा भाग परत फेकला जातो. डोक्याचा तपकिरी मात्र रंगद्रव्याचा. म्हणून उजेड बदलला की दोन्ही वेगळे वागतात: तपकिरी चामड्यासारखा शांतपणे गडद होतो, निळा उन्हात पेटतो आणि उजेड मागून असेल तर विझतो. सगळ्या पाठीला एकच झगझगीत निळा देणं म्हणजे पक्ष्यावर प्लॅस्टिक चढवणं. निळा पेटलेला दिसावा अशी जागा एकच निवडा, साधारण पाठीच्या मध्यापासून कंबरेपर्यंत.

तपकिरीसाठी बर्न्ट सिएना आणि बर्न्ट अंबर समान, सावलीत अल्ट्रामरिन. डोक्याच्या माथ्यावर आकाशाचा उजेड पडतो, तिथे अल्ट्रामरिन आणि पांढऱ्याची अगदी हलकी थंड झाक. तिथे पिवळा किंवा नारिंगी घालून उजळवलं तर पक्षी गंजलेला दिसतो. छातीसाठी पांढरा, कणभर अल्ट्रामरिन आणि कणभर सिएना. खालच्या अंगाला फांदीचा किंवा गवताचा रंग किंचित परावर्तित होतो, तो पकडा. शुद्ध पांढरा अजून पॅलेटवरच राहू द्या.

हा थर ट्यूबमधून येतो तसाच, तेल न घालता, 6 नंबरच्या ब्रशने. फराटा पिसांच्या दिशेने, म्हणजे चोचीपासून शेपटीकडे. दोन रंग जिथे भेटतात तिथे ते ओले असतानाच कोरड्या ब्रशने एकदाच ओढून घ्या. एकदाच. तिसऱ्या-चौथ्या फराट्याला तपकिरी पांढऱ्यात जातो आणि छातीचा काठ चिखल होतो. झालाच, तर पॅलेट नाईफने खरवडून काढा आणि पुन्हा लावा. चिखलावर नवीन रंग लावून चिखल झाकला जात नाही.

कडा आणि मोजकी पिसं

पाच-सात दिवसांनी, बोट लावल्यावर चिकट लागेनासं झालं की पुढचा थर. आता माध्यम: एक भाग अळशीचं तेल, दोन भाग टर्पेंटाईन, एका झाकणात चहाचा चमचाभर. वरचा थर खालच्यापेक्षा नेहमी जास्त तेलकट असला पाहिजे. तैलरंग पाणी उडून सुकत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतो. वरचा थर आधी कडक झाला आणि खालचा हलत राहिला की तडे जातात. उलट तेल फार झालं तर पृष्ठभागाला सायीसारख्या सुरकुत्या पडतात आणि तो पिवळा होतो.

थर सुकल्यावर काही गडद जागा मेल्यासारख्या, पांढुरक्या दिसतील. तिथलं तेल खालच्या थराने ओढून घेतलेलं असतं. त्यावर गडद रंग चढवू नका. तंतू न सोडणाऱ्या कापडावर तेलाचा थेंब घेऊन ती जागा पुसा, मग कोरड्या कापडाने जवळजवळ सगळं तेल काढून टाका. रंग परत येतो आणि जुळवणी बरोबर होते.

आता पिसं. किती? एकूण वीस-पंचवीस कडा स्पष्ट दिसल्या तरी भरपूर. त्या कुठे द्यायच्या हे महत्त्वाचं: उजेड आणि सावली जिथे भेटतात त्या पट्ट्यात. भर उन्हात तपशील उजेडाने खाल्लेला असतो, गडद सावलीत तो दिसतच नाही. पंखाच्या दुय्यम पिसांत तीन-चार कडा धारदार ठेवा, बाकीच्या अर्ध्यावर सोडून द्या. पीस म्हणजे रेघ नव्हे. प्रत्येक पिसाला एक उजळ काठ आणि त्याखाली पुढच्या पिसावर पडलेली बारीक सावली असते. काठ रंगवण्यापेक्षा ती सावली रंगवा. 0 नंबरचा ब्रश, शेजारच्या रंगापेक्षा एकच टोन गडद. छातीच्या पिसांना तर कडा देऊच नका. फक्त छाती तपकिरीला भेटते तिथे फिसकटलेल्या ब्रशने, जवळजवळ कोरड्या, पांढरा तपकिरीवर अलगद ओढा.

पक्ष्याच्या बाहेरच्या कडेचंही तेच. चोच आणि डोकं धारदार, पाठ मऊ, शेपटीचं टोक पार्श्वभूमीत जवळजवळ हरवलेलं. स्वीडिश चित्रकार ब्रुनो लिल्येफोर्श यांची कामं यासाठी पाहावीत. त्यांचे पक्षी-प्राणी गवतात आणि बर्फात असे मिसळतात की कुठे जनावर संपलं ते बोट ठेवून सांगता येत नाही, तरीही ते तिथे असतं.

झळाळी वाढवायची असेल तर निळ्यावर एक ग्लेझ, म्हणजे पातळ पारदर्शक थर: थॅलो ब्लूचा अंश, एकास एक तेल-टर्पेंटाईनमध्ये, मऊ ब्रशने, मग बोटाने थोपटून पातळ. सुकलेल्या उजळ थरावरच. ग्लेझने टोन गडद होतो, म्हणून खालचा निळा हव्या त्यापेक्षा थोडा फिका ठेवलेला बरा.

डोळा आणि चोच

डोळा या आकाराच्या चित्रात पाच मिमीच्या आसपास. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरिनचा गडद गोल भरा. ओला असतानाच खालच्या कडेला बर्न्ट सिएनाची चंद्रकोर, सुईच्या टोकाएवढी. वरचा काठ पापणीच्या सावलीत गडद राहतो. दुसऱ्या दिवशी चमक: पांढऱ्यात कणभर निळा, घड्याळात दहा किंवा दोन वाजले असतील तिथे, ज्या बाजूने उजेड येतो तिकडे. बुबुळाच्या मधोमध ठेवलात तर बाहुलीचा डोळा होतो. एकच ठिपका, दोन ठेवले की स्टुडिओतल्या दिव्यांची आठवण होते. मागे उभं राहून पाहा. चमक आधी दिसत असेल आणि पक्षी नंतर, तर ती एक टोन खाली आणा.

चोचीचा लाल म्हणजे कॅडमियम रेड आणि थोडा बर्न्ट सिएना. उजळवायला नुसता पांढरा घातला की तो गुलाबी होतो, म्हणून आधी लेमन यलोने नारिंगीकडे न्या, मग अगदी थोडा पांढरा. सावलीला ॲलिझरिन आणि अंबर. दोन जबड्यांमधली फट काळ्या रेघेने काढू नका; गडद ॲलिझरिनची रेघ मुळाशी जाड, टोकाकडे विरत जाणारी. वरच्या जबड्याच्या पाठीवर आकाशाची थंड करडी चमक तुटक ठेवा. डोकं खाली वळलेलं असेल तर खालच्या जबड्याला छातीचा पांढरा उजेड खालून लागतो. हा उजेड दाखवला की चोच गोल होते. संदर्भातल्या फोटोत चोच मळकट असेल तर ते पिल्लू असू शकतं. मग बाकीचे रंगही मंद घ्यावे लागतील.

अगदी शेवटी छातीवरचा सगळ्यात उजळ पांढरा, जाड, दोन-तीन फराट्यांत, आणि ब्रश खाली ठेवायचा.

केसाळ जनावरांचं

क्रम तोच, फक्त पिसांच्या गटांऐवजी केसांची दिशा. शेकरू घ्या: तोंडावर केस दाढीच्या खुंटाएवढे, पाठीवर मध्यम, शेपटीवर लांब आणि आरपार उजेड जाऊ देणारे. सगळीकडे एकाच लांबीचे फराटे मारले की गालिचा होतो. केस दिसतात ते अंग वळतं तिथे, म्हणजे कोपर, मानेचा वळसा, मांडीची घडी. शेपटीचा काठ पार्श्वभूमी ओली असतानाच फिसकटलेल्या ब्रशने बाहेर ओढा. सुकल्यावर बारीक ब्रशने काढलेले केस तारेसारखे उभे राहतात.

बिबट्याचे ठिपके अंगाच्या गोलाईबरोबर अरुंद होत जातात; कुशीवर ते फुलासारखे पोकळ, पायांवर भरीव. आधी ठिपक्यांशिवाय अख्खा बिबट्या उजेड-सावलीत रंगवून घ्या. ठिपके सावलीत गेल्यावर जवळजवळ विरले पाहिजेत, सगळीकडे सारखे काळे नकोत. गव्याची गोष्ट उलट: काळसर कातडी उन्हात निळसर करडी चमकते, आणि ती चमक दाखवली नाही तर भोक पडल्यासारखं दिसतं. हरणाची बाहुली आडवी लांबट, बिबट्याची गोल. डोळे रंगवताना हे विसरलं की चेहरा ओळखीचा वाटत नाही.

सुकणं, वार्निश, चिंध्या

पावसाळ्यात तैलचित्र रखडतं. हवा खेळती असलेल्या, उजेडाच्या खोलीत ठेवा, भिंतीपासून चार बोटं दूर. कपाटात कोंडलं तर अळशीचं तेल अंधारात पिवळं पडतं. उजेडात परत ठेवल्यावर ते बरंचसं निवळतं, बुरशी मात्र निवळत नाही. पंखा थेट चित्रावर सोडू नका, धूळ ओल्या थरात बसते.

वार्निश किमान सहा महिन्यांनी, छातीसारखा जाड भाग असेल तर वर्षाने. आधी प्रदर्शनात द्यायचं असेल तर रिटच वार्निशचा, म्हणजे तात्पुरत्या वार्निशचा, एक पातळ हात पुरतो. वार्निश कोरड्या दिवशी लावा. दमट हवेत त्यावर निळसर धुकं चढतं. चित्र आडवं ठेवून दोन इंची मऊ ब्रशने एका दिशेने, आणि लावलेल्या जागी परत ब्रश फिरवू नका.

अळशीच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगळून डब्यात किंवा कोपऱ्यात टाकू नका. सुकताना तेल तापतं, गठ्ठ्यात ती उष्णता कोंडते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा किंवा दोरीवर एकेक पसरून वाळवा. कॅडमियम रंगाचा सुकलेला थर पॉलिश पेपरने कोरडा घासू नका, ती भुकटी नाकात जाते. ब्रश आधी कागदावर पुसा, मग टर्पेंटाईन, मग भांड्यांचा साबण आणि कोमट पाणी, फेस पांढरा येईपर्यंत. केस बोटांनी आकारात आणून आडवे ठेवा; उभे ठेवले तर पाणी पत्र्याच्या पकडीत उतरून दांड्याचा रंग फुगतो.

वापरलेलं टर्पेंटाईन मोरीत ओतू नका. बरणीत दोन दिवस ठेवलं की रंग तळाशी बसतो, वरचं नितळ पुन्हा ब्रश धुवायला चालतं.